मॉरिशसमधल्या मराठी घरी एक महिना



परदेशाहून परतलेल्या माणसाला गावात पहिला प्रश्न विचारतात तो ‘खर्च किती आला?’ आणि दुसरा ‘तिकडं शेती कशी हाय?’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मी निघोजे गावच्या पारावर इतक्या वेळा दिली आहेत की आता ती माझ्या शेजाऱ्यांनाही पाठ झाली असतील. तिसरा प्रश्न मात्र फक्त बायकांनी विचारला, आणि तोही मला नव्हे, आमच्या सौभाग्यवतींना. ‘महिनाभर लोकांच्या घरी राहिलात, जेवणाखाण्याचं काय झालं?’ खरे सांगायचे तर आमच्याजवळ सांगण्यासारखे जे आहे ते सगळे या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

तुम्ही म्हणाल, कृषी विस्तार अधिकारी परदेशी गेला म्हणजे सरकारी दौरा असणार. तसे काही नव्हते. २०२२ सालच्या कार्तिकी यात्रेला मॉरिशसहून चौदा मराठी माणसे आळंदीला आली होती. आळंदीहून देहूला जाताना त्यांची गाडी आमच्या शिवारात बंद पडली. मिस्त्री येईपर्यंत तीन तास ती मंडळी आमच्या ओसरीवर बसली. घरात पिठले, बाजरीची भाकरी आणि ठेचा होता, तो सगळ्यांनी मिळून खाल्ला. त्यांच्यात एक निवृत्त शिक्षक होते. तिकडच्या प्राथमिक शाळेत त्यांनी हयातभर मराठी शिकविली. निघताना ते म्हणाले, ‘भाऊ, आता तुम्ही आमच्या घरी यायचे.’ असे सगळेच म्हणतात. पण हे गुरुजी दर दोन महिन्यांनी फोन करून विचारीत राहिले, ‘भाऊ, केव्हा येता?’ शेवटी त्यांच्या आग्रहाचीच मला भीड पडली. रजेचा अर्ज, परदेशी जाण्याची खात्याची परवानगी, पासपोर्ट यांत पाच महिने गेले, आणि २०२४ च्या श्रावणात आम्ही नवरा-बायको मुंबईहून विमानात बसलो. गणपती तिथलेच बघायचे, अशी गुरुजींची अटच होती.

मुंबईहून साधारण सहा तासांचा प्रवास. त्यांचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. आफ्रिकेच्या बाजूला हिंदी महासागरात हा देश आहे. आकाराने म्हणाल तर आपल्या पुणे जिल्ह्याचे आठ भाग केले तर त्यातल्या एकाएवढा. लोकवस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. नवी लग्न झालेली जोडपी तिकडे समुद्र बघायला जातात एवढेच आपल्याला ठाऊक असते. चलनाला तिथेही रुपयाच म्हणतात, आणि नोटेवर देवनागरी अक्षरे आहेत. विमानतळावर ती नोट हातात आली तेव्हा सौभाग्यवतींचा जीव अर्धा भांड्यात पडला.

उरलेला अर्धा गुरुजींच्या दारात पडला. गाव पश्चिम किनाऱ्याच्या बाजूला, चहूकडे ऊस. दारात गुरुजींच्या मातोश्री उभ्या. वय नव्वदीच्या घरात, अंगात झगा, डोक्यावर पदरासारखी ओढणी. त्यांनी आमच्या पायावर पाणी घातले, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाल्या, ‘या खळ्यात. दमलात गो सूनबाई.’ नोकरीच्या सुरुवातीची चार वर्षे मी संगमेश्वर तालुक्यात काढली आहेत. अंगणाला ‘खळे’ म्हणणारी म्हातारी मला पुन्हा भेटेल, आणि तीही समुद्रापलीकडे, हे स्वप्नातही आले नव्हते. आजींनी आपला देश कधी पाहिलेला नाही. त्यांच्या आईनेही पाहिलेला नव्हता. पहिल्या दिवशी जेवायला बसल्यावर त्यांनी मला विचारले ते असे: ‘कोकणात पाऊस लागला काय?’

आता ही मराठी माणसे तिथे गेली कशी, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

इंग्रजांनी गुलामगिरी बंद केली तेव्हा उसाच्या मळेवाल्यांना मजूर मिळेनात. म्हणून १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर माणसे नेली. करार म्हणजे ‘ॲग्रिमेंट’, त्याचे गिरमिट झाले आणि माणसांचे गिरमिटिये. १९२० पर्यंत जवळजवळ साडेचार लाख माणूस त्या बेटावर उतरला. बिहारकडचे सर्वांत जास्त, मग तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेले आपले मराठी, त्यांतही रत्नागिरीकडचे पुष्कळ. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये आणि शिधा. एका दिवसाचा खाडा पडला तर दोन दिवसांची मजुरी कापीत. मी शेतमजुरांत आयुष्य काढलेला माणूस, पण हा नियम ऐकून मीही गप्प झालो.

गुरुजींनी आम्हाला पोर्ट लुईला नेऊन तो धक्का दाखविला. त्याला आता आप्रवासी घाट म्हणतात, आणि २००६ पासून तो जगाच्या वारशाच्या यादीत आहे. जहाजातून उतरलेला माणूस तिथल्या सोळा दगडी पायऱ्या चढून वर येई, आणि वर आला की त्याला एक नंबर मिळे. पुढे मळ्यावर, दवाखान्यात, कचेरीत त्याची ओळख त्या नंबरावर चाले. गुरुजी पायऱ्यांपाशी चप्पल काढून उभे राहिले. बोलले काहीच नाहीत.

त्या नोंदवह्या मोका या गावच्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत, आणि वंशजांना त्यांचा उतारा मिळतो. गुरुजींनी आपल्या पणजोबांचा उतारा काढून घेतला आहे. जहाजाचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गाव, जिल्हा. जिल्हा रत्नागिरी. पण गावाचे नाव गोऱ्या कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिलेले, आणि त्याच्या कानाला कोकणची सवय नसणार. संध्याकाळी आजींनी तो कागद माझ्यापुढे ठेवला नि म्हणाल्या, ‘तू तिकडला साहेब. वाच बघू आमचे गाव.’ मी कंदिलाशी धरल्यासारखा तो कागद दिव्यापाशी धरून अर्धा तास बसलो. संगमेश्वर, लांजा, राजापूर, आठवतील तितक्या गावांची नावे मी मोठ्याने उच्चारून पाहिली. तीन नावे जवळपास जुळत होती, पण खात्रीने एकही सांगता येईना. आजींनी तिन्ही नावे दोन-दोनदा म्हणून घेतली. मग म्हणाल्या, ‘तिन्ही आपलीच म्हणूया.’ कागद घडी करून डब्यात गेला.

भगिनींच्या प्रश्नाकडे येतो. आम्ही तीस दिवसांत बावीस घरी जेवलो. हा आकडा माझा नव्हे, सौभाग्यवतींनी वहीत मांडून ठेवलेला हिशेब आहे. पहिल्याच आठवड्यात शेजारीपाजारी येऊन बसत आणि गुरुजींच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपापला वार लिहून जात. मराठी घरे होतीच, पण तमिळ शेजाऱ्याने केळीच्या पानावर सात भाज्या वाढल्या, मुसलमान किराणा दुकानदाराने ईदची नसतानाही शेवयांची खीर केली, आणि समोरच्या आफ्रिकन वंशाच्या मावशी, ज्यांची नि आमची भाषा एका शब्दाने जुळत नव्हती, त्या रोज सकाळी खिडकीतून ताजा पाव देऊन जात. पैसे देऊ केले तर रागावत.

तिथे डाळपुरी म्हणून एक पदार्थ आहे. आपली पुरणपोळी गुळाशिवाय केली आणि पुरणात हळद-जिरे घातले, तर होईल तशी. बिहारकडच्या गिरमिटियांनी नेलेली ही चीज आता साऱ्या देशाची झाली आहे. रस्तोरस्ती गाडीवर मिळते आणि सगळ्या जातीधर्माचे लोक उभ्याउभ्या खातात. सौभाग्यवतींना ती इतकी आवडली की कृती लिहून घेतली. पण पोळी फाटू न देता तिच्यासारखी पातळ लाटायची कशी, ते त्यांना काही साधेना.

भाज्यांचे नावे वेगळी, भाज्या आपल्याच. कोथिंबिरीला कोतोमिली, भेंडीला लालो, कारल्याला मार्गोज. शेवग्याचा पाला आणि अळू तर घरोघर. अळूचे फदफदे आमच्याकडच्यापेक्षा आजींचे चांगले होते, हे मी इथे छापील लिहून ठेवतो. घरी त्यावर बोलणे झाले आहे.

शेतकरी बंधूंसाठी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत, नाहीतर माझ्या पदवीचा काय उपयोग! तिकडे ऊसतोड जून ते डिसेंबर चालते, म्हणजे आपले कारखाने थंड असतात तेव्हा त्यांचे धडधडत असतात. एका लागवडीवर ते सहा-सात खोडवी सहज घेतात. आपण दुसऱ्या-तिसऱ्या खोडव्याला कंटाळतो. पाचट ते शेतातच राखतात. चिपाडावर वीज करून विकण्याचे काम तिथे कित्येक वर्षे चालू आहे. उसाच्या नव्या जाती काढण्यासाठी १९५३ मध्ये स्थापन झालेली त्यांची स्वतःची संशोधन संस्था आहे. आमच्या गावच्या एका बहाद्दराने मला सांगितले होते, ‘साहेब, येताना दोन कांड्या पिशवीतून आणा.’ बंधूंनो, असे कधी करू नका. एका कांडीबरोबर रोग आला तर सारा तालुका बसेल. आपल्यासाठी पाडेगावचे केंद्र आहे, कोइमतूरला निघालेला ‘को ८६०३२’ काही वाईट नाही.

पण तिथल्या शेतात मला सर्वांत जास्त काय दिसले असेल तर ते दगड. बेट ज्वालामुखीचे. उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग उभे आहेत, काही घराएवढे उंच, नीट रचलेले. ते सगळे माणसांनी हातांनी वेचून रचलेले आहेत. १८८० च्या सुमारास मळेवाल्यांनी कडेची, खडकाळ जमीन तुकडे पाडून विकायला काढली, तेव्हा करार संपलेल्या गिरमिटियांनी पैपैने साठविलेल्या पैशातून ती घेतली. तिथे जमीन अर्पांत मोजतात. एक अर्पां म्हणजे आपले साधारण बेचाळीस गुंठे. गुरुजींच्या आजोबांनी दीड अर्पां घेतली आणि दगड वेचण्यात वीस वर्षे घालविली. ती जमीन गुरुजींनी अजून ठेवली आहे. फायदा विशेष नाही, तोडीला माणूस मिळत नाही, पोरे कचेऱ्यांत आणि हॉटेलांत कामाला. ‘मग ठेवता कशाला?’ असे मी विचारले. ते म्हणाले, ‘पाहुणा आला तर दाखवायला काहीतरी पाहिजे ना, भाऊ.’ थट्टेने म्हणाले, पण ढिगावरून हात फिरवीत होते.

मी ज्या गावचा आहे तिथल्या जमिनीचे काय झाले, हे या भागातल्या वाचकांना सांगायला नको. चाकणची औद्योगिक वसाहत आमच्या शिवेत आली, २००९ मध्ये मोटारींचा मोठा कारखाना सुरू झाला, आणि जिथे बाजरी नि भुईमूग होता तिथे आता शेड आहेत. इंद्रायणीच्या काठचा काही भाग तेवढा हिरवा आहे. पैसा आला, पोरांना कामे मिळाली, हेही खरे. गुरुजींनी मला विचारले, ‘तुमची जमीन किती?’ मी आकडा सांगितला. ‘आणि पूर्वी?’ तोही सांगितला. त्यांनी पुढे काही विचारले नाही. पाहुण्याला अवघड वाटेल ते विचारायचे नाही, ही रीत त्यांनी शंभर-दीडशे वर्षे समुद्रापार जपली आहे.

गणपती आला. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, आणि ही सुट्टी मराठी माणसांमुळे साऱ्या देशाला मिळते याचा त्यांना मोठा अभिमान. घरोघर मूर्ती, मोदक, पुरणपोळी. रात्री अंगणात झाकरी झाली. पायात घुंगरू, मध्ये ढोलकी, भोवती गोल फेर. माझे डोळे विस्फारले, कारण हा तर आपला कोकणातला जाखडी नाच! तोच फेर, तेच वाकणे. गाणाऱ्या पोरांना सगळ्या शब्दांचा अर्थ येत होता असे नाही. आपापसांत ती क्रिओल बोलतात, शाळेत इंग्रजी नि फ्रेंच. पण शब्द एकही चुकवीत नव्हती. मला त्यांनी ओढून फेरात घेतले. पंचावन्न वर्षांच्या सरकारी नोकराने कसा नाच केला असेल याची कल्पना तुम्हीच करा.

दुसऱ्या दिवशी विसर्जनाआधी पंगत बसली. माझ्या शेजारी एक पंचविशीचा मुलगा येऊन बसला. अंग चोरून. कपडे धुतलेले पण बाहीला पीठ लागलेले. मला वाटले, कुणी नातलग असेल. तो बांगलादेशचा निघाला. मॉरिशसमध्ये आता बांगलादेश, नेपाळ, मादागास्कर आणि आपल्या देशातूनही मजूर करारावर येतात. बेकऱ्यांत, कापडाच्या कारखान्यांत, बांधकामावर. हा मुलगा गावातल्या बेकरीत रात्रपाळी करी. मावशी आम्हाला देत तो पाव त्याच्याच हातचा. गुरुजींनी त्याला नावाने हाक मारली, आजींनी त्याच्या पानात मोदक वाढला, तो नको नको म्हणताना दुसरा वाढला. धर्माचा प्रश्न त्याच्या मनात असेल म्हणून गुरुजींनी त्याला आधीच सांगून ठेवले होते, की आरतीला उभे राहायला हवे असे नाही, जेवायला मात्र यायलाच हवे.

मी रात्री गुरुजींना विचारले, ‘दरवर्षी बोलावता?’

‘कुणी ना कुणी असतोच. करार संपला की हा जाईल, दुसरा येईल. आमच्या आजोबांनी घालून दिले आहे. पणजोबा उतरले तेव्हा पहिले सहा महिने त्यांना कुणी नावाने हाक मारली नाही, नंबरानेच मारीत. मग एका तमिळ कुटुंबाने सणाला जेवायला बोलावले आणि नाव विचारले. आमच्या घरात ही गोष्ट सांगतात.’

निघायच्या दिवशी आजींनी सौभाग्यवतींची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. खण कुठून आणला म्हणाल तर आजींच्या स्वतःच्या लग्नातला होता. सौभाग्यवती घेईनात. आजी म्हणाल्या, ‘माहेरी आलेल्या मुलीला रिकामे धाडतात काय?’ खरे तर माहेर कुणाचे नि सासर कुणाचे! पण दोघींनाही त्या वेळी ते विचारण्याची शुद्ध नव्हती. आम्ही बरोबर नेलेली साडी आणि चाकणच्या बाजारातली पितळी समई त्यांनी आधीच देवापुढे ठेवली होती.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही निघोज्यात परत आलो.

आमच्या थोरल्या बंधूंनी घरामागे खोल्या बांधल्या आहेत, जशा गावात सगळ्यांनीच बांधल्या आहेत. पत्र्याच्या, एका ओळीत, दारावर नंबर. त्यात बिहार, उत्तर प्रदेशचे लोक राहतात, आपले लातूर-नांदेडचेही आहेत. सगळे कारखान्यात, बहुतेक ठेकेदाराकडे. गावाची रीत अशी की भाडेकरूला खोलीच्या नंबराने ओळखायचे. ‘अकरा नंबरवाल्याचे भाडे आले का?’, ‘सात नंबरवाला नळ चालू ठेवून गेला.’ यात कुणाच्या मनात वाईट नसते. माणसे वर्षा-दीड वर्षात बदलतात, नावे कुठवर लक्षात ठेवायची, असे लोक म्हणतात. आप्रवासी घाटावरचे कारकूनही कदाचित असेच म्हणत असतील.

आल्यावर चार दिवसांनी सौभाग्यवती डाळपुरी करायला बसल्या. पोळी फाटली. दुसरी फाटली. त्यांनी हातातले लाटणे ठेवले आणि सरळ मागच्या ओळीत जाऊन अकरा नंबरचे दार वाजविले, कारण तिथली मंडळी बिहारची हे ठाऊक होते. आतून एक बाई डोक्यावर पदर घेत घाबरून बाहेर आली. भाड्याचे काही निघाले असावे असे तिला वाटले. दालपुरीचे नाव ऐकल्यावर तिचा चेहरा असा काही खुलला की सांगता सोय नाही. डाळ कशी शिजवायची, बोटाने दाबली की मोडली पाहिजे पण मऊ पडता कामा नये, पीठ किती सैल, सगळे तिने आमच्या स्वयंपाकघरात उभे राहून दाखविले. सौभाग्यवतींनी तिला नाव विचारले. ती बिहारच्या भोजपूर जिल्ह्यातली निघाली.

त्या दिवाळीत तिच्या नवऱ्याला गाडीचे तिकीट मिळाले नाही. ती दोघे आणि त्यांची मुलगी पाडव्याला आमच्याकडे जेवायला होती. बंधूंनी सात नंबरच्यालाही बोलावून घेतले. तो नांदेडकडचा, एकटाच. जेवताना बोलणे मॉरिशसवर आले. मी सांगितले की तुमच्या बाजूचे पुष्कळ लोक तिथे आहेत, पुरीसुद्धा त्यांनीच नेलेली. तो म्हणाला, मॉरिशस नाव ऐकले आहे, पण आमच्यातले कुणी तिकडे गेल्याचे माहीत नाही. मग मला गुरुजींनी सांगितलेला एक शब्द आठवला. बिहारकडचे जुने गिरमिटिये त्या बेटाला ‘मिरिच’ म्हणत. मी म्हटले, ‘मिरिच देस.’

त्याने घास खाली ठेवला. त्याची आजी सांगायची, म्हणाला. तिच्या सासऱ्यांचा एक भाऊ मिरिचला गेला होता. दोन वर्षे पैसे आले, मग काही कळले नाही. आजी दर छठला त्याच्या नावाने एक दिवा जास्त लावायची.

‘साहेब, तिकडे कागद मिळतो म्हणालात. नाव नि जिल्हा सांगितला तर शोधतील का?’

मी गुरुजींना त्याच रात्री फोन लावला.